मत मिळेल, पैसे मिळणार नाहीत

मा. चेअरमनसाहेब,
मार्क्स अँड स्पेन्सर, लंडन
यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या दुकानाचे पुन्हा बरे चालू लागल्याचे कानावर आले. २०१९ साली शेअर बाजारातल्या शंभर बड्या कंपन्यांच्या निर्देशांकातून आपल्याला नारळ मिळाला होता. १९८४ साली तो निर्देशांक निघाला तेव्हापासूनचे आपण मानकरी, त्यामुळे त्या आठवड्यात आम्हाला बोलायला भरपूर मिळाले. २०२३ साली आपण गुपचूप परत आत जाऊन बसलात. असले काही करण्याआधी ग्राहकांना विचारायला हवे होते. गेली पंचवीस वर्षे या देशात अनोळखी माणसाशी बोलायला हवामान आणि तुमची घसरण असे दोनच विषय होते. त्यातला एक तुम्ही परस्पर काढून घेतलात.

पत्र लिहिणारा मराठी आहे, पण इथे मुरलेला. इथले नागरिकत्व देताना जी परीक्षा घेतात तिच्यात राजेराण्यांची माहिती विचारतात. ती कशाला? ‘मार्क्सचे कपडे काही पहिल्यासारखे राहिले नाहीत’ हे वाक्य योग्य जागी सुस्कारा टाकून म्हणता येते की नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

आपले मूळ पुरुष मायकेल मार्क्स हेही बाहेरूनच आलेले. रशियन साम्राज्यातल्या स्लोनिम गावाकडचा ज्यू तरुण, इंग्रजी मोडकेतोडके, आयझॅक ड्यूहर्स्ट या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेले पाच पौंड, आणि त्यावर १८८४ साली लीड्सच्या कर्कगेट बाजारात थाटलेले दुकान. वर पाटी : भाव विचारू नका, सगळे एक पेनीला. भारतात हातगाडीवाला ‘हर माल दस रुपया’ असे ओरडत जातो त्यातलाच प्रकार, फक्त हे गृहस्थ ओरडतही नव्हते. पुढे १८९४ मध्ये ड्यूहर्स्टकडचाच रोखपाल टॉम स्पेन्सर ३०० पौंड घालून निम्म्याचा भागीदार झाला. पण खरी अक्कल त्या पाटीत होती. गिऱ्हाईकाने तोंड उघडायचेच नाही! एक पेनी ठेवायची, वस्तू उचलायची, चालू लागायचे. आपल्या नंतरच्या साऱ्या दुखण्याचे मूळ शोधायचे तर ते आम्ही बोलू लागलो तिथे सापडेल.

तोवर आपण कुणाचे ऐकत होतात? कित्येक दशके आपल्या दुकानांत कपडे घालून बघायची खोली नव्हती. घरी न्या, आरशापुढे उभे राहा, नाही बसले तर परत आणा. लोकांनी तेही मुकाट्याने केले, आणि कुरकुर न करता परत घेणारे दुकान म्हणून वर नावाजलेही. दुसऱ्या कुणाचे क्रेडिट कार्ड आपण २००० सालापर्यंत घेत नव्हता. रोख, चेक किंवा आमचेच कार्ड, पटत असेल तर या. एवढा ताठा असूनही १९९८ साली करपूर्व नफा १ अब्ज पौंडांच्या वर गेला, आणि तसा तो मिळवणारे आपण ब्रिटनमधले पहिले दुकानदार ठरलात. त्याआधी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना त्यांच्या अंतर्वस्त्रांबद्दल टीव्हीवर विचारले गेले, तेव्हा अर्थातच मार्क्समधून, सगळेच तिथून घेत नाहीत का, अशा थाटाचे उत्तर त्यांनी दिले होते. पंतप्रधान आणि त्यांच्या विरोधात मोर्चा काढणारा खाणकामगार यांच्या अंगात आतून एकच माल, हे राष्ट्रीय ऐक्य पुन्हा काही दिसले नाही.

१९९८ नंतरच्या दोन वर्षांत नफा कोसळला. कपडे महाग आणि मरगळलेले, बाजूला नवी दुकाने स्वस्त आणि चटपटीत. आपण खर्च कापायला घेतलात आणि ब्रिटिश कापड गिरण्यांचा हात सोडलात. विल्यम बेअर्ड ही कंपनी तीस वर्षे आपल्याला कपडे शिवून देत होती, करारनामा नाही, सगळे शब्दावर. १९९९ मध्ये तिला सांगितले, पुरे. ती कोर्टात गेली आणि २००१ मध्ये हरली. लेखी काही नव्हते, तर करार कसला? गिरणगाव बंद पडताना पाहिलेल्या मुंबईकराला यात नवे काही नाही. आमची तक्रार वेगळीच होती : कपडे ब्रिटिश राहिले नाहीत हो! ही तक्रार करताना आमच्या अंगातला शर्ट मात्र समोरच्या दुकानातला, बांगलादेशात शिवलेला आणि निम्म्या किमतीचा होता. तो विषय या पत्राच्या कक्षेबाहेरचा समजावा.

यानंतर आपण ऐकायला लागलात, साहेब, आणि तिथे घात झाला. तरुण पोरी येत नाहीत, असे कुणीतरी म्हटले. २००० साली आपण टेकडीवर धावत जाणारी, अंगावर सूतही नसलेली भरल्या अंगाची बाई जाहिरातीत दाखवलीत. कपड्यांच्या दुकानाने कपडेच न दाखवता जाहिरात करावी, हा आत्मविश्वास आम्हाला भलताच भावला; खरेदी मात्र वाढली नाही. मग वेगवेगळ्या वयांना वेगवेगळी नावे : पर उना, ऑटोग्राफ, क्लासिक्स, इंडिगो, लिमिटेड कलेक्शन. एकाच मजल्यावर इतकी बिऱ्हाडे झाली की निळा स्वेटर कुठल्या बिऱ्हाडी शोधायचा हे कळेना. २०१५ मध्ये एका दोनशे पौंडांच्या मऊ चामड्याच्या स्कर्टने आपण वाचणार, असे वर्तमानपत्रांत छापून आले. एका स्कर्टवर एवढी जबाबदारी! मग २०१६ मध्ये नवे मुख्याधिकारी म्हणाले की आमची खरी लक्ष्मी म्हणजे पन्नाशी ओलांडलेली ‘मिसेस एम अँड एस’, तिला आता जपायचे. शेअर त्याच दिवशी आपटला. स्वतः बाईसाहेबही खूश झाल्या नाहीत. आपल्याला पन्नाशीची म्हटलेले कुणाला आवडते?

आणि त्या बाईंचे म्हणणे इतके साधे होते! बाह्या. वर्षानुवर्षे त्यांनी हेच सांगितले : फ्रॉक सुंदर आहे, रंग छान आहे, बाह्या कुठे आहेत? कोपरापर्यंत तरी द्या. आपण सल्लागार नेमलेत, नट्या आणल्यात, दुकानांची रचना बदललीत, आणि दरवर्षी पुन्हा बिनबाह्यांचे फ्रॉक टांगलेत. मला व्यापारातले कळत नाही, पण कापड थोडे लांब कापले असते तर एखादा सल्लागार कमी लागला असता.

पुरुषांनीही आपल्यापरीने हातभार लावला. २००८ साली जेरेमी पॅक्समन, ज्यांच्या प्रश्नांपुढे मंत्र्यांना घाम फुटत असे, त्यांनी आपले तेव्हाचे प्रमुख स्टुअर्ट रोझ यांना ईमेल धाडली : तुमच्या चड्ड्या पूर्वीसारखा आधार देत नाहीत, आणि मित्रमंडळींत चौकशी केली तर हे दुःख सार्वत्रिक आहे. मोज्यांबद्दलही बोलले. ईमेल फुटली आणि देशभर चड्डी या विषयावर गांभीर्याने चर्चा झाली. पुढच्याच वर्षी मोठ्या मापाच्या ब्रेसियरला आपण दोन पौंड जादा लावता म्हणून बायकांनी मोहीम उभारली. मोहिमेच्या म्होरक्या बाईंनी तर आपला एक शेअर विकत घेतला, म्हणजे वार्षिक सभेत उभे राहून मालकिणीच्या नात्याने जाब विचारता येईल. सभेची वेळ येण्याआधीच आपण शरण आलात आणि पानभर जाहिरातीत चूक कबूल केलीत. मला विचाराल तर आपल्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा दिवस. मागणी एक, नेमकी, मोजता येणारी, आणि मागणाऱ्या बायका माल विकत घेणाऱ्या. बाकी आम्ही नुसतेच बोलणारे.

आता बोलणाऱ्यांचे मासले पाहा. २००१ मध्ये आपण युरोपातली दुकाने बंद करायला निघालात. फ्रान्सचे कर्मचारी कोर्टात गेले, थेट लंडनला येऊन मोर्चा काढला. त्यांचे बरोबरच होते, पोटाचा प्रश्न होता. आमच्या पोटाचा प्रश्न नव्हता तरी २०१८ मध्ये आम्ही त्याहून मोठ्याने रडलो. शंभराहून जास्त दुकाने बंद होणार, असे आपण जाहीर केलेत आणि यादीत नॉर्थॅम्प्टन, केटरिंग, स्टॉकटन, वॉल्सॉल निघाले. गावाच्या मुख्य रस्त्याचे काळीज गेले, अशी हाकाटी झाली. त्या काळजात आपण शेवटचे कधी डोकावलो होतो, हे मात्र कुणाला आठवेना. वुलवर्थ्स गेले तेव्हा, बीएचएस गेले तेव्हा, डेबेनहॅम्स गेले तेव्हाही हेच. दुकान मरणार असे कळले की आम्ही रांगा लावतो, सवलतीत चादरी घेतो आणि गहिवरतो.

ऑक्सफर्ड स्ट्रीटचे तर काय सांगावे. मार्बल आर्चजवळचे आपले १९३० सालचे दुकान पाडून नवे बांधायचे म्हटले, तर वारसाप्रेमी उभे ठाकले. २०२३ मध्ये एका मंत्र्याने परवानगी नाकारली, २०२४ मध्ये कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि वर्षअखेर दुसऱ्या मंत्र्याने हो म्हटले. जुनी इमारत नव्याने वापरा, हे म्हणणे मला खरोखर पटते. पण इमारतीसाठी तळमळणाऱ्यांनी आत जाऊन एखादा पायजमा घेतला असता तर तिला जास्त आधार मिळाला असता. पॅक्समन यांच्या अर्थाने नव्हे.

खाण्याबद्दल आमची तक्रार नाही, आणि हीच मोठी पंचाईत आहे. १९३१ पासून आपण खाद्यपदार्थ विकता, आज ब्रिटनमधली निम्म्याहून अधिक विक्री त्यातून येते. चॉकलेट पुडिंगचा तो ओघळ टीव्हीवर कुजबुजत्या आवाजात दाखवून आपण अख्ख्या देशाला लाळ गाळायला लावलीत. दहा पौंडांत दोघांचे जेवण आणि वर वाइनची बाटली दिलीत, तेव्हा मंदीतही लोकांना आपण बडे असल्यासारखे वाटले. आम्ही आत शिरतो ते सरळ सँडविचकडे. वाटेत कपडे लागतात, तेव्हा नजर खाली घालून भराभर चालतो. उगाच एखादा कार्डिगन ओळख दाखवायचा.

भारतातून आलेल्या पाहुण्यांचे उलटे. तिकडे आपण २००१ मध्ये गेलात, २००८ पासून रिलायन्स रिटेलशी भागीदारी, मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये आपला थाट. उन्हाळ्यात आमच्याकडे उतरणाऱ्या मावशी-काकू आपले कपडे भक्तिभावाने चाचपतात आणि लेबलवर भारताचे नाव निघाले तरी नेटाने घेतात. इथल्या बायकांना जो कार्डिगन आजीचा वाटतो, तो पुण्यात ‘लंडनचा’ होतो. बॅगेत उरलेल्या जागेत बिस्किटांचे डबे. साहेब, एवढे निष्ठावान गिऱ्हाईक आपल्याला दुसरे नाही, पण त्यांचे मत कुणी विचारत नाही, कारण त्या पैसे देतात.

गेल्या काही वर्षांत आपण मुकाट्याने कामाला लागलात, असे दिसते. नावांची बिऱ्हाडे कमी केलीत, कपडे सुटसुटीत केलेत, आणि मला सांगायला संकोच वाटतो, पण बाह्याही दिसू लागल्या आहेत. २०२० मध्ये शेअर बाजारात आल्यापासूनच्या ९४ वर्षांतला पहिला तोटा झाला होता, त्यातूनही वर आलात. २०२५ च्या ईस्टरला हल्लेखोर आपल्या संगणकांत शिरले, सुमारे दीड महिना ऑनलाइन विक्री बंद, फळ्या रिकाम्या, अंदाजे ३० कोटी पौंडांचा फटका. आम्ही पुन्हा रडायला सज्ज झालो. तर लोक चक्क सहानुभूतीने दुकानात जाऊन खरेदी करू लागल्याचे ऐकले. हे कुठल्या संस्कृतीत बसते?

तरी आमच्या मागण्या नम्रपणे मांडतो. दुकान प्रत्येक गावात असावे, पण त्याचा खर्च आमच्यावर पडू नये. माल ब्रिटनमध्येच शिवावा आणि ढाक्याच्या भावात विकावा. कपडे आमच्या आईला शोभणारे असावेत आणि आमच्या मुलीला आवडावेत. मधल्या आम्हाला ते कधीच आवडणार नाहीत, तो हक्क राखून ठेवत आहोत. आणि वर्षातून एकदा तरी नफा थोडा घसरावा. फार नको, चहाबरोबर पुरेल एवढाच.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक चिंताग्रस्त हितचिंतक

ता. क. : शनिवारी रात्री उरलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवता, ते थोडे लवकर सुरू करता येईल का? आम्हाला उभे राहून कंटाळा येतो, आणि तेवढ्या वेळात नजर कपड्यांकडे जाते.