ऑल्दो एकटाच येतो

मराठी माणूस 'जरी' म्हणाला की 'तरी' म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोवर-तोवर… आपली अव्ययं लग्नाच्या आमंत्रणासारखी सहकुटुंब असतात. इंग्रजीत आमंत्रण एकट्याला. 'ऑल्दो' आला की 'बट'ने घरीच थांबायचं. आमच्या इंग्रजीच्या सरांचं निम्मं आयुष्य हा 'बट' खोडण्यात गेलं आणि उरलेलं रजेच्या अर्जातला 'सो' खोडण्यात. 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर, सो काइंडली ग्रँट मी लीव्ह.' 'ॲज' असल्यावर 'सो' नको, हे सरांचं म्हणणं व्याकरणाला धरून होतं. पण 'सो' काढला की वाक्य कसं ओकंबोकं दिसतं. ताप खरा वाटत नाही.

इंग्रजीला जोड्या अगदीच वर्ज्य आहेत असंही नाही. आयदर-ऑर आहे, नायदर-नॉर आहे, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची लाडकी 'नो सूनर-दॅन' आहे. 'नो सूनर डिड द थीफ सी द पोलीस दॅन ही रॅन अवे.' हा चोर पिढ्यान्‌पिढ्या पळतो आहे. 'ॲज सून ॲज'मधून पळाला, 'हार्डली'मधून पळाला (तिथे 'दॅन' नाही, 'व्हेन' लावायचा, एक गुण), पोलिसांना काही सापडला नाही. शाळा सुटल्यावर 'नो सूनर' म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. चोर पळाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांनी ते ओरडून सांगितलं.

या सगळ्याचा माग काढत गेलं की माणूस 'रेन अँड मार्टिन'पाशी पोचतो. जगातला सर्वांत घट्ट 'अँड' या दोन नावांच्या मधे बसलेला आहे. नुसत्या मार्टिनचं व्याकरण कुणी दुकानात मागत नाही. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होते. पुढे १९२४ साली फ्रेंच फॉरेन लीजनवर 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहून ते गाजले. तिच्यात वाळवंटातला किल्ला आहे, वेढा आहे, आणि शत्रूला फसवायला तटावर उभी केलेली सैनिकांची प्रेतं आहेत. मेलेल्यांनाही रांगेत उभं करणारा माणूस आपल्याला व्याकरण शिकवतो आहे, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर आम्ही जरा नीट बसलो असतो.

खरा घातकी 'अंटिल'. माझ्या मावशीने अमेरिकेतल्या मुला-सुनेला मायेने कळवलं: 'वी विल नॉट ईट अंटिल यू डोन्ट कम.' जोपर्यंत तुम्ही येत नाही तोपर्यंत आम्ही जेवणार नाही. मराठीत वाक्य बावनकशी. इंग्रजीत मात्र त्या 'डोन्ट'ने घात केला आणि अर्थ झाला, तुमचं येणं बंद होईपर्यंत आमचा उपास. सून तिकडेच जन्मलेली. तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "आपण फार वेळा जातो का रे?"

ही मास्तरी कटकट वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीचालकांना विचारा. तिथल्या कायद्यात, कोणत्या कामांना जादा वेळेचा वाढीव पगार मिळणार नाही याची यादी होती. यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' की 'पाठवणीसाठी बांधणी, किंवा वितरण', हे कळायला 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम हवा होता. तो नव्हता. चालक म्हणाले, आम्ही बांधत नाही, नुसतं पोचवतो. आमचे पैसे टाका. २०१७ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली.

आमच्याकडे 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम दिला की सर त्याला लाल गोल करून अर्धा गुण कापायचे. ते अर्धे गुण मी आता डॉलरच्या चालू दराने मांडायला घेतले आहेत.