वांग्यांचा भाव उणे आला तर...

साहित्य : एक जुना लॅपटॉप, मॅक्सिमा नावाचं गणितं सोडवणारं फुकट सॉफ्टवेअर आणि पुण्याच्या मांजरी उपबाजारातून सकाळी हिशेब चुकवून परतलेला एक माणूस. माणूस घरचाच असावा, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं.

मॅक्सिमा उघडा. काळी खिडकी दिसेल, बाकी काही नाही. हिरमुसू नका. हिचा पूर्वज मॅकसिमा. त्याचं काम १९६८ साली एमआयटीत सुरू झालं. पुढे विल्यम शेल्टर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने त्याची एक प्रत १९८२पासून सांभाळली आणि १९९८मध्ये ती सगळ्यांना खुली करायची परवानगी मिळवली. एवढ्या खानदानी वस्तूला नटायची गरज नसते.

आता हिशेब. टोमॅटोची ३ कॅरेट आणि वांग्यांची २ मिळून १७०० रुपये. टोमॅटोची २ आणि वांग्यांची ५ मिळून २६००. एका कॅरेटचा भाव काय? टोमॅटोला ‘टी’ म्हणा, वांग्याला ‘व्ही’. भास्कराचार्य अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावं देत. टोमॅटोला लोहितक काय शोभलं असतं! पण टंकायला लांब पडतं.

‘सॉल्व्ह’ लिहून कंसात दोन्ही समीकरणं द्या, मग ‘टी’ आणि ‘व्ही’ द्या, एंटर दाबा.

काहीच होणार नाही. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला. तो येईपर्यंत मॅक्सिमा हूं की चूं न करता थांबून राहते. मांजरीच्या रेल्वे फाटकावर ज्यांनी गाडी बंद करून वाट पाहिली आहे, त्यांना ही शांतता ओळखीची वाटेल. अर्धविराम द्या. आता ती ओरडेल, कारण तुम्ही ‘३टी’ लिहिलंत. शाळेत बाईंना तो गुणाकार वाटायचा. हिला मध्ये चांदणी लागते, ३*टी. चांदण्या घाला. टी ३००, व्ही ४००. झालं.

इथे उत्साह येतो आणि माणूस ‘टी : ३००’ असं लिहून ठेवतो. करू नका. मॅक्सिमात बरोबरचं चिन्ह म्हणजे समीकरण, विसर्गासारखी ती दोन टिंबं म्हणजे किंमत कायमची चिकटवणं. पुढच्या वेळी तुम्ही ‘टी’ शोधायला सांगाल आणि ती म्हणेल, टी हा अज्ञात नाहीच, तो ३०० आहे, काय शोधू? मी या एका टिंबजोडीपायी अख्खी संध्याकाळ घालवली आहे. उपाय म्हणजे ‘किल’ आणि कंसात टी. नाव भयानक आहे, पण मरते फक्त किंमत.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. २६०० लिहिताना एक शून्य सांडा आणि बघा काय येतं. टोमॅटो ७९८० छेद ११. डॅशची आडवी रेघ ओढून, वर अंश खाली छेद, फळ्यावर मास्तर लिहितात तसं. वांगी उणे २६२० छेद ११. अपूर्णांक ती आपणहून मोडत नाही. ‘फ्लोट’ म्हटलंत तरच उणे २३८.१८ म्हणेल. आणि वांग्याचा भाव उणे असू शकत नाही, असं तर कधीच म्हणणार नाही. मी हसलो. ज्या शेतकऱ्याचा हिशेब होता तो हसला नाही. हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हिशेबाच्या पट्टीवर उलट त्याच्याच नावे पैसे निघालेले त्याने पाहिले होते. तेव्हा शून्य तपासा, पण उत्तर खोटंच असेल असं धरून चालू नका.

शंका मॅक्सिमाला येतात, पण वेगळ्या. एक्सच्या एनव्या घाताचं ‘इंटिग्रेट’ मागा. उत्तर देण्याआधी ती विचारते : एन म्हणजे उणे एक आहे का? बरोबर आहे, उणे एकला उत्तर लॉगमध्ये जातं. परीक्षेत आपण हे विसरतो, ती विसरत नाही. ‘नो’ लिहा, आणि पुन्हा तो अर्धविराम. मात्र शेवटी ‘अधिक सी’ ती लिहीत नाही. त्याचा अर्धा मार्क आपापला कमवायचा.

आता सरावासाठी एकच गणित. एका संख्येचा वर्ग, दुसरीच्या वर्गाच्या ६१ पटीहून बरोबर एकने मोठा हवा, दोन्ही शून्याहून मोठे पूर्णांक. फर्माने १६५७ साली हे आव्हान म्हणून टाकलं. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘बीजगणिता’त चक्रवाल पद्धतीने ते आधीच सोडवलं होतं. सगळ्यांत लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०, तेही हाताने. सोडवायला नको, नुसतं तपासायला सांगा : पहिलीचा वर्ग, वजा ६१ चांदणी दुसरीचा वर्ग, एंटर.

खिडकीत १ उमटेल. नाही उमटला तर अर्धविराम बघा.