निळो बोको आणि जपानी राम

"शिरा पडो त्या मोबायलावर," असं गडग्यापलीकडून ऐकू आलं की समजायचं, मे महिना लागला आणि काकीचा नातू मुंबईहून तोंडवलीत दाखल झाला. काकी खळ्यात सोलं वाळत घालत होती. मीठ घातलेल्या आगळात बुडवून काढलेली सालं एकेक करून पसरताना तिचं तोंड काही थांबलं नव्हतं.

"अरे बाबू, सकाळपासून ता जपानी कार्टून बघता. कान नसलेलो निळो बोको! आमच्या झिलान असला काय कधी बघल्यान नाय."

"काकी, तुझ्या झिलान जपानीच बघल्यान. मोगली आठवता मा?"

काकीचा हात आगळातच राहिला. "मोगली जपानी? तुका कोणी सांगल्यान?"

आता हे तिला कसं पटावं! १९९३ मध्ये दर रविवारी सकाळी वाडीतली सगळी पोरं टीव्ही असलेल्या घराच्या पडवीत दाटीवाटीने बसायची, त्यात तिचा झील पुढे असायचा. गाणं गुलझारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, शेर खानाचा आवाज नाना पाटेकरांचा. ती मालिका निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये जपानात काढली होती हे कोणाच्या गावीही नव्हतं. नाना मुरुडचे, हे सांगितल्यावर काकी म्हणाली, "म्हणानच तो वाघ आपल्यातलोसो वाटे."

निळा बोका तर मोगलीपेक्षाही जुना. डोरेमॉनची आत्ता ओळखीची झालेली मालिका जपानी टीव्हीवर १९७९ मध्ये सुरू झाली आणि १९८० च्या मार्चमध्ये त्याचा पहिला मोठा सिनेमा लागला. म्हणजे नातवाचं वेड त्याच्या बापाच्या जन्माआधीचं. १९८३ मध्ये फुटबॉल खेळणाऱ्या त्सुबासाची मालिका आली आणि तिकडची पोरं चेंडूमागे धावायला लागली. आपल्याकडे दूरदर्शनला रंग मिळाले ते १९८२ मध्ये!

"आणि ऐक," मी आवाज खाली आणला. गडग्यावरची खरी बातमी हळूच सांगायची असते. "रामाचो सिनेमोसुद्धा जपान्यांनी काढल्यानी."

"रामाचो? तेंका धोतर नेसूक कोणी शिकवल्यान?"

म्हातारीने नेमकं मर्मावर बोट ठेवलं होतं. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरच्या माहितीपटासाठी भारतात आले आणि रामकथेच्या नादी लागले. जपानी भाषेत मिळतील तेवढी रामायणं त्यांनी वाचून काढली. परक्याने आमच्या रामाला हात लावायचा नाही, असा निषेध विश्व हिंदू परिषदेकडून झाला. साकोंनी समजूत घातली, तरी रामाचं कार्टून ही कल्पना दिल्लीच्या गळी उतरेना. शेवटी चित्रं जपानातच काढली गेली. राम मोहन हे आपले मुरलेले ॲनिमेटर दिग्दर्शनात होते, आणि धोतर कसं नेसायचं, मोठ्यांच्या पाया कसं पडायचं, हे तिथल्या चित्रकारांना भारतीय मंडळींनी दाखवलं. १९९२ मध्ये सिनेमा पुरा झाला. हिंदीत राम अरुण गोविल, रावण अमरीश पुरी. २०२५ च्या जानेवारीत तो आपल्याकडच्या थिएटरांत नव्याने लागला, तेव्हा मी बघितला. माझ्या मते टीव्हीवरच्या रामायणापेक्षा त्यातली लंका जास्त धडकी भरवते, पण हे काकीपुढे बोलायची माझी छाती नाही.

त्या सिनेमात सगळं हातकाम. पारदर्शक कागदावर पुढून रेषा, मागून रंग, अशी लाखभर चित्रं. काकीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "मगे पिंगुळीचे ठाकर काय करतत?" खरंच की! चित्रकथीवाले पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून वीणा, हुडुक, टाळांच्या साथीने रामायणच तर सांगतात. परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. जपान्यांची चित्रं धावतात, पिंगुळीची थांबतात आणि माणूस बोलतो.

मग मी तिला नाउसिकाची गोष्ट सांगितली. जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा १९८४ चा कार्टून सिनेमा. समुद्रावरच्या वाऱ्याने जगणारं खोरं, पलीकडे विषारी रान, त्यात घराएवढे किडे, आणि त्यांना न मारता समजून घेणारी राजाची पोर. म्हणतात की हे जपानातल्या मिनामाताच्या खाडीवरून सुचलं. तिथे कारखान्याचा पारा पाण्यात गेला, मासे खाऊन माणसं लुळी पडली. १९५६ मध्ये रोग उघडकीला आला, पुढे मासेमारी थांबली आणि माशांना कोणी पकडेना म्हणून मासे वाढतच गेले.

काकी गप्प. तिच्या घरात रापणीच्या मासळीचा वाटा असायचा. मोठ्या जाळ्यांनी मासे उपसणाऱ्या पर्ससीनवाल्यांच्या नावाने ती रोज बोटं मोडते.

"मासे आसत आणि खावचे नाय? काय तो भोग!" मग पदराला हात पुसून तिने नातवाला हाक मारली, "ए, बोको बंद कर आणि ता किड्यांचा लाव बघया." पोरगा बाहेर येईपर्यंत तिने मला विचारून घेतलं, "त्या चेडवाचा लगीन होता मा शेवटी?"

"सिनेमात तरी नाय."

"मगे अर्धोच सिनेमो काढल्यानी," असं म्हणून काकीने उरलेलं आगळ सोलांवर ओतलं.