बावळीबूच

दिल्लीत आलेल्या मराठी माणसाचं पहिलं काय जात असेल तर 'ळ'. थंडी, धूर, घरभाडं यांची मनाची तयारी करून आपण येतो. हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. माझं आडनाव मुळे. सोसायटीच्या रजिस्टरात मी 'मुले', गॅसच्या पावतीवर 'मूले' आणि कुरिअरवाल्या पोरासाठी 'मूली जी'. ऐन हिवाळ्यात, घरोघरी मूलीचे पराठे लाटले जात असताना, ही हाक जरा जास्तच लागते. मेट्रोच्या ब्लू लाइनने ऑफिसला जाताना घोषणेतली बाई रोज गोड आवाजात 'तिलक नगर' म्हणते. साक्षात लोकमान्यांना जिथे आपला 'ळ' राखता आला नाही, तिथे मुळ्यांची काय कथा!

अशा दुष्काळात तो शब्द भेटला. आम्ही राहतो ती द्वारका म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाने शेतजमिनींवर आखलेले सेक्टर. जुनं नाव पप्पनकलां. पण सेक्टरांच्या मधोमध गावं तशीच आहेत: अंबरहाई, पोचनपूर, बगडोला, ककरोला. इकडे उंच सोसायट्यांची गेटं, तिकडे खाटेवर हुक्का, आणि मधल्या रस्त्यावर म्हशी. एका संध्याकाळी त्यांच्या मागे अडकून मी स्कूटरचा हॉर्न वाजवत होतो. म्हशींचे मालक, पांढऱ्या धोतरातले एक ताऊ, मागे वळून म्हणाले, "रै बावळीबूच, के कर रह्या सै?"

शिवी आहे हे सुरावरून कळलं. पण त्याआधी कानाला 'ळ' लागला. जिभेची अख्खी गुंडाळी करून काढलेला, खणखणीत, सदाशिव पेठेत शोभेल असा. मी हॉर्न सोडला आणि म्हणालो, "ताऊजी, एक बार फिर बोलिए ना!" ताऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की शब्दाचा अर्थ विचारायची गरजच उरली नाही.

हरियाणवीत 'ळ' आहे, आणि तोही मुबलक. काळा तिथेही काळाच, पांढरा तो 'धौळा', आणि 'पानी' नव्हे, 'पाणी'. आपला बावळा आणि त्यांचा बावळा तर सख्खे चुलतभाऊ. दोघांचं कूळ संस्कृतातल्या 'वातूल'चं, म्हणजे डोक्यात वारं शिरलेल्याचं. राहता राहिलं 'बूच'. बायकोला बुचाचं फूल आठवलं. मला बाटलीचं बूच आठवलं: डोक्याला असं घट्ट बसलेलं, की आत काही शिरत नाही आणि बाहेर काही येत नाही. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य होणार नाही. मला आहे.

वापराचे नियम गावातल्या पोरांनी शिकवले. शब्द दिसायला स्त्रीलिंगी, पण लागतो सर्वांना. सहा फुटी पैलवानही बावळीबूचच. नुसतं मठ्ठ असून भागत नाही. गणितात नापास होणारा बावळीबूच नव्हे. नापास होऊन निकाल स्वतःच बापाला व्हॉट्सॲपवर पाठवणारा, तो. अंगात उत्साह हवा. मित्राला म्हटलं तर माया, मेहुण्याला म्हटलं तर चेष्टा, आणि लाल सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याला म्हटलं तर पुढचं ज्याचं त्याने निस्तरावं.

याच्या तोडीचं मराठीत काही सापडतं का, पाहिलं. 'बावळट' फार सात्त्विक. 'येडा' मुंबईचा, त्यामुळे घाईतला. लोकल पकडता पकडता म्हणण्याजोगा. 'अर्धवट'मध्ये पुणेरी हिशेब आहे, किती कमी पडलं ते मोजून सांगणारा. बावळीबूचमध्ये मोजदाद नाही. तिथे माणूस संपूर्ण असतो.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. हल्ली पुण्याला फोनवर बोलताना माझ्या तोंडून 'रै' निसटतं. बायको तर माझ्या दोन पावलं पुढे आहे. गेल्या नोव्हेंबरात तिचा भाऊ आला. पहिल्याच पहाटे, समोरची इमारत दिसत नव्हती इतका धूर असताना, हा गच्चीवर प्राणायामाला. दीर्घ श्वसन, मोजून. खोकत खाली आला तेव्हा बायको चहा ओतता ओतता म्हणाली, "बावळीबूच आहेस अगदी!"

"म्हणजे काय गं, ताई?"

"बुचाचं फूल," ती म्हणाली.

त्याला शब्द फार आवडला. संध्याकाळपर्यंत सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'बावळीबूच परिवार' झालं होतं. सासूबाई त्यावर रोज सकाळी न चुकता सुविचार टाकतात.