अनाथांचा तुटवडा

अनाथांचा समाचार घ्यावा, असे बायबलात याकोबाच्या पत्रात सांगितले आहे. किती दिवस, ते सांगायचे राहून गेले. कंबोडियातील सिएम रीपमध्ये ही उणीव अमेरिकी स्वयंसेवकांच्या दोन आठवड्यांच्या सेवादौऱ्याने भरून काढली आहे. सकाळी प्रार्थना, मग भिंतीला रंग, दुपारी हातवारे करत इंग्रजी गाणी, संध्याकाळी मूल कडेवर घेऊन फोटो. शेवटच्या दिवशी रडणे. सोमवारी पुढची तुकडी येते. भिंतही तीच आणि रडणारी मुलेही तीच.

एवढ्या सेवाभावाला अनाथ पुरवणे सोपे नाही. तरी देशाने कसर ठेवली नाही: २००५ ते २०१० या काळात तिथली अनाथालये ७५ टक्क्यांनी वाढली. तेवढ्यात युनिसेफने खोडसाळपणे मोजणी केली आणि दर चार मुलांपैकी जवळपास तिघांचे आई किंवा वडील हयात निघाले. पण आईबाप आहेत एवढ्या तांत्रिक कारणावरून काढलेले विमानाचे तिकीट कोण रद्द करणार?

या सेवेची परतफेडही व्हायला हवी. कंबोडियातल्या गावकऱ्यांनी दोन आठवडे टेक्सासला जावे, एखाद्या पाळणाघराची भिंत रंगवावी, तिथली मुले कडेवर घेऊन फोटो काढावेत. अडचणी किरकोळ आहेत. तिथे मुलांजवळ जाण्याआधी चारित्र्य पडताळणी लागते. शिवाय अर्जात 'आपणास मुले किती?' असे विचारले, तर हे भाबडे लोक खरे तेच लिहितील: दोन, मुक्काम अनाथालय.