ड्राय बाल्कनीतले साहेब

आमच्या भाच्याच्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना एक मेल धाडली आहे. विषय : घरातली कामाची जागा आरामदायी आणि कार्यक्षम कशी करावी. मेलच्या माथ्यावर छायाचित्र. भिंतभर काचेची खिडकी, खिडकीबाहेर जंगल, लांबरुंद लाकडी टेबल, त्यावर एक लॅपटॉप, एक कुंडी आणि एक कप. माणूस नाही. माणूस दाखवला असता तर त्याची आई कुठे बसते हेही दाखवावं लागलं असतं.

भाचा वाकडला राहतो. टू बीएचके. एका बेडरूममध्ये ताई आणि मेव्हणे. दुसरी सूनबाईंच्या ऑफिसला, कारण त्याही घरूनच काम करतात आणि त्यांचा पगार जास्त आहे. हॉलवर टीव्हीचा आणि तिसरीतल्या नातीचा संयुक्त ताबा. स्वयंपाकघराबद्दल बोलायची कोणाची छाती नाही. उरली ड्राय बाल्कनी. तिथे वॉशिंग मशीन आहे, बादल्या आहेत, कांद्याबटाट्याची जाळी आहे आणि मार्च २०२०पासून आमचा भाचा आहे. तेव्हा 'तात्पुरता' म्हणून गेला होता. आता आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि दोन दिवस तिथे, अशी त्याची विभागणी झाली आहे. रेरा कायद्याच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेट एरियात धरत नाहीत, घरातल्या आतल्या भिंती मात्र धरतात. म्हणजे कायद्याच्या मोजणीत भाचा कामाच्या वेळी घरात नसतोच. मेव्हण्यांचंही तेच म्हणणं आहे.

तर मेलमधला पहिला मंत्र खुर्चीचा. पाठीच्या कण्याला आधार हवा, पावलं जमिनीला टेकलेली हवीत, गुडघे आणि कोपरं काटकोनात हवीत. भाच्याने हप्त्यावर एक खुर्ची आणली. तिला सात ठिकाणी खिट्ट्या आहेत. ती आली त्या दिवशी मेव्हणे "बघू तरी" म्हणून बसले. "पाठीला फार बरं वाटतं हो," म्हणाले, आणि तेव्हापासून बातम्या तिच्यावर बसून बघतात. निवृत्त माणसाचे गुडघे आता अचूक काटकोनात असतात. भाचा लग्नाच्या मांडवात असते तसल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, खाली उशी आणि पाठीला लोड घेऊन बसतो. वडिलांना ऊठ म्हणायची सोय मेलमध्ये दिलेली नाही.

दुसरा मंत्र डोळ्यांचा. दर २० मिनिटांनी, २० फूट लांबच्या वस्तूकडे, २० सेकंद बघावं. डोळ्यांचे डॉक्टरही हेच सांगतात, सल्ला उत्तम आहे. अडचण एवढीच की या फ्लॅटमध्ये २० फूट कुठेच नाहीत. ड्राय बाल्कनीतून आत बघितलं की नजर फ्रिजच्या दारावर आपटते. बाहेर बघितलं की समोर बी विंगमधलं एक स्वयंपाकघर येतं, आणि ते मात्र मोजून मापून २० फुटांवर. भाचा आज्ञाधारक. आठ तासांच्या पाळीत २४ वेळा, दर वेळी २० सेकंद, तो समोरच्या काकूंच्या ओट्याकडे एकटक बघत असे. काकूंनी आधी खिडकी लावून घेतली, मग जाळीचा पडदा लावला, मग सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र दिलं. सेक्रेटरींनी सूचना फलकावर 'काही सभासद' असा मोघम उल्लेख करून तंबी लावली. हल्ली भाचा २० सेकंद डोळे मिटून घेतो. कॅमेरा चालू असला तर साहेबांना तो झोपलेला दिसतो.

उभं राहूनही काम करावं, सतत बसणं घातक, असा तिसरा मंत्र. त्यासाठी वर-खाली होणारं विजेचं टेबल मिळतं. भाच्याकडे फ्रंट लोड मशीन आहे. त्यावर लॅपटॉप ठेवला की उभ्याचं टेबल झालं, फक्त ते ताईच्या वेळापत्रकाने चालतं. तिमाही आढाव्याची बैठक आणि चादरींचं शेवटचं पिळणं एकाच वेळी आलं, तेव्हा पडद्यावरचे अमेरिकन साहेब भूकंप आहे का म्हणून विचारू लागले.

वास्तुशास्त्राचं खातं अर्थातच वेगळं. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला हवं आणि पाठीशी भक्कम भिंत हवी, असं ताईचे वास्तूवाले सांगतात. खिडकी बाजूला हवी, नाहीतर पडद्यावर तिरीप येते, असं मेल सांगते. दोघांचंही ऐकलं तर भाच्याला सिंकमध्ये बसावं लागतं. ईशान्य कोपरा शुभ म्हणून मागायची सोय नाही, तिथे देवघर आहे आणि देवघराच्या वर राउटर. नेट गेलं की घरातले सगळे तिथेच हात जोडून उभे असतात.

कुंड्यांचंही एक प्रकरण आहे. झाडं हवा शुद्ध करतात, त्याला नासाचा १९८९चा अभ्यास आहे, असं मेलमध्ये आहे. अभ्यास खराच आहे, पण तो हवाबंद पेट्यांत केलेला होता. वाकडला एक हायवे वाहतो. तिथे एका मनीप्लँटने किती लढावं?

शांतता हा शेवटचा मंत्र. गेले काही आठवडे शेजारच्या फ्लॅटमध्ये सकाळी दहा ते सहा ड्रिल चालू आहे. भाचा वैतागून विचारायला गेला. शेजारी नम्रपणे म्हणाले, "सॉरी हं, घरून काम करायला शांत जागा बनवून घेतोय."

घरून काम करणं हा काही आयटीवाल्यांनी लावलेला शोध नव्हे. आपल्याकडे कुलकर्णी पिढ्यान् पिढ्या घरूनच काम करत आले. गावाचं दप्तर त्यांच्याच घरात, रुमालात बांधलेलं. ओसरीवर मांडी घालून, समोर उतरतं डेस्क घेऊन सारा-वसुलीचे हिशेब मोडीत लिहायचे. मणक्याला आधार नाही, कुंडी नाही, २० फुटांवर असलाच तर कर्जबाजारी शेतकरी. पण त्या गृहस्थांना एक गोष्ट मिळायची, जी आमच्या भाच्याला मिळत नाही. त्यांना त्या कामाचं वतन होतं. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतनं रद्द झाली, ते योग्यच झालं. घरून काम मात्र उरलं, आणि तेही बिनवतनी.

कारण या मेलमध्ये मंत्र भरपूर आहेत, पैसे कुठे नाहीत. कंपनीने हिंजवडीतला एक आख्खा मजला सोडून दिला. त्याचं भाडं वाचलं, एसी वाचला, चहाचं यंत्र वाचलं. तो मजला गेला कुठे? तो तुकड्यातुकड्याने वाकड, बाणेर, डोंबिवलीच्या ड्राय बाल्कन्यांत येऊन बसला आहे. वीज भाच्याची, नेट त्याचं, खुर्ची त्याची (म्हणजे मेव्हण्यांची), चहा ताईचा. हाच भाचा स्वतःचा धंदा करत असता तर घराचा जेवढा भाग कामाला लागतो तेवढ्याचं भाडं खर्चात दाखवून कर वाचवता आला असता. नोकरदाराला ती सोय नाही. नव्या करप्रणालीत त्याला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट, मग तो काचेच्या केबिनमध्ये बसो की कांद्याच्या जाळीखाली. व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये मात्र राज्य सरकार न चुकता कापतं आणि फेब्रुवारीत ३००, सगळ्यात छोट्या महिन्यात सगळ्यात जास्त.

ताईने यावर उपाय काढला आहे, आणि तो मला मेलपेक्षा पुष्कळ व्यवहारी वाटतो. फ्लॅट तिच्या नावावर आहे. कंपनीला जागा हवीच असेल तर तिने रीतसर लिव्ह अँड लायसन्स करावं. मुदत ११ महिने, करार लेखी, नोंदणीचा खर्च कंपनीचा, अनामत रक्कम आधी. वीज मीटरप्रमाणे, चहा वेगळा. बुधवार आणि शनिवार चादरींचे, त्या दिवशी बैठका ठेवू नयेत. बी विंगच्या काकूंची लेखी माफी कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर मागावी. मनुष्यबळ विभागातल्या साहेबांनी किंवा बाईंनी हे वाचलं असेल तर त्यांनी संध्याकाळी सातच्या आत फोन करावा, त्यानंतर ताईची मालिका असते.