अण्णा, बंडूसोबत तुम्ही जा

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर बंडू मध्येच बोलतो, म्हणून पत्र. त्याने मला एका गाडीचा फोटो पाठवलाय. पांढरी, किंमत साठ हजार. मालक फौजी, बदली झाली म्हणे. गाडी छावणीत उभी. वाहतुकीचे पाच हजार आधी टाकले की थेट अंबडला दारात. या फौजीला मी ओळखतो. मी पुण्यात होतो तेव्हा त्याने माझ्या रूममेटला फ्रीज विकला होता. फ्रीज अजून यायचाय.

पण बंडूला बोलायला मला तोंड नाही. मीही इथे फोटो बघूनच गाडी घेतली. मीटरवर 41 हजार मैल. घरी आणल्यावर ब्रेकच्या पेडलकडे लक्ष गेलं: रबर झिजून गुळगुळीत, कडेला लोखंड दिसतंय. इथे तीन वर्षांनंतर दरवर्षी गाडीची सरकारी तपासणी होते, एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की दरवेळचं मीटर कुणालाही फुकट दिसतं. मी ते पैसे दिल्यावर पाहिलं. 2021 सालीच गाडी 87 हजार पळालेली! माणसाचं वय वाढतं. माझ्या गाडीचं उतरतंय.

तुम्ही जालन्याच्या बाजारात बैलाचे दात मोजायचात, खांदा चाचपायचात, चार पावलं चालवून बघायचात आणि मगच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचात. मी मात्र एमएस्सी झालो.

बंडूला एवढं सांगा. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, दंड थकलाय का, ते आधी बघायचं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही हवी. नुसता जालन्याचा एमएच-21 नंबर बघून आपला माणूस समजू नये. आणि कुणी ‘पैसे परत देतो, कोड स्कॅन करा’ म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. गेलेच पैसे, तर लाजत बसू नका, लगेच सायबर हेल्पलाइनचा 1930 लावा.

गाडी बघायला तुम्ही सोबत जा. पेडल बघा.

आईला नमस्कार. माझ्या गाडीचा फोटो तिने मागितलाय, पण गाडी सध्या गॅरेजात आहे.

आपला,
बाळू